बाराव्या चकतीचा ठावठिकाणा

इंदापूर, बुधवार दुपार

चि. वल्लरी,

तू पाठवलेल्या बारा चकत्यांपैकी अकरा या पत्रासोबतच्या डब्यात आहेत आणि बारावी सोपानरावांच्या शेळीच्या पोटात आहे. या वृत्ताला खुद्द सोपानरावांनी दुजोरा दिला आहे. शेळीची प्रतिक्रिया मिळू शकली नाही, कारण ती रवंथ करत होती.

आता आशीर्वाद घे. आधी द्यायला हवे होते हे मला कळतं, पण सगळी नोकरी बारामतीहून पुण्याच्या दैनिकाला बातम्या पाठवण्यात गेली आणि आधी घडलेलं सांगायचं, मग बाकीचं, ही खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. (तुझ्या मामीला मी लग्नाचं विचारलं तेही पहिल्याच वाक्यात. नाव दुसऱ्या वाक्यात सांगितलं. तिचं अजूनही म्हणणं आहे की क्रम उलटा असता तर तिला विचार करायला वेळ मिळाला असता.) तर, तुझी प्रकृती कशी आहे? खोकला गेला का? प्रयोगशाळेतल्या त्या मशीनमधली कॉफी पिणं थांबवलंस का? इकडे सर्व ठीक. तुझ्या आईचा उजवा हात लिहून लिहून दुखतो. बाबांशी बोलायचं म्हणजे पाटीवर लिहायचं, त्यामुळे चार वर्षांत सुधाताईचं बोलणं निम्म्यावर आलं आणि अक्षर दुपटीने सुधारलं. तुझे बाबा उत्तम आहेत. आमचे मेहुणे नारायणराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा जसे होते तसेच आहेत, फक्त आता कोणाचंही ऐकत नाहीत याला वैद्यकीय कारण आहे.

फोन न करता पत्र का, असं तू म्हणशील. एक तर आमचा विराज उद्या सकाळी पुण्याला निघतोय आणि हा डबा तुझ्या हातात देणार आहे, तेव्हा पत्राला वेगळा खर्च नाही. दुसरं म्हणजे या घरात सध्या मोठ्याने बोलायची सोय राहिलेली नाही. ती का, ते पुढे येईल. मधे बोलू नकोस. (पत्राचा हाच फायदा आहे.)

सुरुवात रविवारपासून करतो. तुझ्या सूचना मी दोनदा वाचल्या आणि मंडळी जमल्यावर त्यांना तुझं काम समजावून सांगितलं. चुकलं असेल तर कळव. मी म्हणालो, ज्यांना कानातल्या यंत्रानेही ऐकू येईनासं होतं, त्यांच्यासाठी आजकाल ऑपरेशन करून कानाच्या आत एक बारीक तार बसवतात. पण ऐकणारा भाग, म्हणजे मायक्रोफोन, बाहेरच राहतो. तो कानामागे अडकवायचा, त्याची चकती लोहचुंबकाने डोक्याला चिकटवायची, आणि आंघोळीला, झोपायला काढून ठेवायची. आमची वल्लरी असा मायक्रोफोन करतेय की जो कातडीच्या आतच बसेल. बाहेर काही दिसणार नाही, काही काढायला नको. अडचण इतकीच की आत बसलेल्या मायक्रोफोनला आधी मालकाचाच आवाज येतो. त्याचं चावणं, गिळणं, नाडीचे ठोके, स्वतःचंच बोलणं. समोरचा माणूस काय म्हणतो ते त्या गोंगाटातून वेगळं काढायचं, तर कुठला आवाज सोडून द्यायचा हे यंत्राला शिकवावं लागतं. आणि वल्लरीच्या प्रयोगशाळेत माणसं बिस्किटं आणि पाव याखेरीज काही चावत नाहीत.

सोपानराव लक्ष देऊन ऐकत होते. (तुझ्या बाबांची डाळिंबाची बाग तेच बघतात, आणि बाबांचीही बरीचशी देखभाल तेच करतात.) ते म्हणाले, "म्हंजी यंत्राला भाकरीची वळख करून द्यायची. मंग सरळ सांगा की, इंद्रजितराव! एवढं इंग्रजी कशाला?" ऑपरेशन आणि मायक्रोफोन सोडले तर मी इंग्रजी एक शब्दही बोललो नव्हतो, पण मुद्दा त्यांनी अचूक पकडला होता.

तुझी सूचना अशी होती की एका वेळी एका माणसाने कानामागच्या हाडावर तुझ्या मायक्रोफोनची चकती लावून एकच पदार्थ खावा, बाकीच्यांनी गप्प बसावं, मग त्याने थोडा वेळ शांत राहावं, मग वर्तमानपत्रातल्या चार ओळी मोठ्याने वाचाव्यात. कागदावर ही पद्धत फार चांगली आहे. ती ज्याने लिहिली त्या माणसाने इंदापूर तालुक्यात कधी जेवण केलेलं नाही हेही कागदावर दिसतं. (तू लिहिली असशील तर पुण्यात राहून तू बदललीस.) पहिला मान म्हणून सोपानरावांना बसवलं. समोर ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. आम्ही सगळे गोल करून गप्प त्यांच्याकडे बघतोय. त्यांनी घास तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला. पुन्हा नेला, पुन्हा ठेवला. शेवटी म्हणाले, "न्हाय जमायचं. समद्यांनी घ्या, मंग मी घेतो."

मी त्यांना शास्त्राचं महत्त्व सांगत होतो तेवढ्यात सरुबाई, म्हणजे त्यांचं कुटुंब, आतून आल्या. "एका माणसाला खायला बसीवलंय आन् धा जण बगत्यात? नजर लागंल की त्यास्नी. हे काय शिकलेल्या माणसाचं वागणं हाय व्हय?" असं म्हणून त्यांनी सगळ्यांपुढे ताटं मांडली. त्यामुळे पहिल्या फितीत, म्हणजे फाइलमध्ये, सात जणांची भाकरी एकदम आहे. शांत राहण्याच्या भागात सरुबाईंचा "आणखी एक घ्या, तुमाला शपथ हाय" हा आग्रह आहे, आणि वाचनाच्या भागात सोपानराव बाजारभाव वाचता वाचता थांबून डाळिंबाच्या दरावर स्वतःचं मत देतात. ते मत तुझं यंत्र सोडून द्यायला शिकलं तर बरं होईल. दुसऱ्या फाइलमध्ये ऊस आहे. तो सोमेश्वरनगरहून माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने खास पाठवला. ऊस खाताना माणूस बोलू शकत नाही असा माझा समज होता, तो सात जणांनी मिळून खोटा ठरवला. तिसऱ्या फाइलमध्ये फुटाणे आहेत, आणि पुढे भजी आहेत. भजी तुझ्या यादीत नव्हती, पण तेल तापलेलंच होतं.

आता चकत्यांकडे येतो. तू दिलेली चिकटपट्टी परदेशी आहे आणि चांगली असेल. परंतु इकडे रविवारी माणूस डोक्याला तेल लावतो, आणि ते कानामागपर्यंत येतं. दुसरा घास होईपर्यंत सहा जणांच्या चकत्या ताटात. (सातवी सोपानरावांच्या चहात. ती मी पुसून घेतली आहे, अजून चालते.) यावर उपाय सरुबाईंनीच काढला. गुऱ्हाळावरून आणलेली काकवी त्यांनी घट्ट आटवली आणि बोटाने एकेका चकतीला लावली. वल्लरी, तुझ्या प्रयोगशाळेने याची नोंद घ्यावी. माझ्या कानामागची चकती सोमवारी दुपारी निघाली, आणि तीसुद्धा थोड्या केसांसकट.

तुझ्या बाबांनी सकाळी एकदम नकार दिला होता, पण दुपारनंतर स्वतःहून येऊन बसले. "ऐकू येत नाही, चावायला येतं," असं म्हणाले आणि माझ्यापुढे कान केला. मी चकती लावली. त्यांनी पेरू घेतला आणि बाजेवर बसून, गोठ्याकडे पाठ करून, डोळे मिटून, अगदी तुझ्या सूचनेप्रमाणे एकट्याने शांतपणे खाल्ला. आख्ख्या रविवारात तुझ्या नियमाने झालेला हा एकच प्रयोग. तो चालू असतानाच सोपानरावांची शेळी ठमी (लोणी भापकरची, सरुबाईंच्या माहेराहून आलेली, आणि त्यामुळे या घरात तिला कोणी काही बोलू शकत नाही) दाव्यातून मान काढून मागून आली. आम्ही सगळे ओरडलो. आता विचार कर, त्या बाजेवर बसलेल्या माणसाखेरीज तो आरडाओरडा अर्ध्या शिवाराने ऐकला. ठमीने नारायणरावांचा कान एकदा चाटला, दुसऱ्यांदा चाटला, आणि तिसऱ्या वेळी चकती गेली. नारायणराव डोळे न उघडता म्हणाले, "सुधा, पुरे." तुझ्या आईने जी मान फिरवली ती संध्याकाळपर्यंत माझ्याकडे वळवली नाही. जणू शेळी मीच सोडली होती.

मी सोपानरावांना जाब विचारला. ते म्हणाले, "आवं, काकवी लावल्याली चीज हाय ती. शेळीनं काय वास घिऊन म्होरं जायाचं व्हय? तुमीच सांगा, तुमी सोडली असती का?" जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी ठमीचं पोट दाबलं, चकती केवढी ते दुसऱ्या चकतीवरून बघितलं, आणि म्हणाले की चांगली गुळगुळीत, बंद डबीसारखी आहे, सध्या धोका दिसत नाही, पण खाणं सोडलं तर लगेच कळवा. ठमीने खाणं सोडलेलं नाही. डॉक्टरांची पावती तिने त्यांच्यासमोरच खाल्ली.

पाटीवर लिहून नारायणरावांना सगळं सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त तेच हसले. मग म्हणाले, "गेली ती चकती. पाण्यात बुडालेलं यंत्र परत चालत नाही. खात्यात तीस वर्षं पंप बघितलेत मी." ही त्यांची समजूत. वस्तुस्थिती अशी की तुझी चकती चालू होती. चकत्यांचा आवाज बिनतारी टिपणारा रेकॉर्डिंगचा डबा तू "मी सांगेपर्यंत बंद करायचा नाही" असं लिहिल्यामुळे मी बंद केला नव्हता, तो गोठ्याच्या भिंतीवरच्या खुंटीला अडकवलेला होता, आणि ठमी त्याच्यापासून दोन हातांवर बांधलेली असते. सोमवारी संध्याकाळी मी सवयीप्रमाणे (पाठवण्याआधी मजकूर तपासायचा) विराजचे हेडफोन लावून फाइली ऐकायला बसलो. चावणं ऐकलं, आग्रह ऐकला, भजी ऐकली. आणि मग एक असा आवाज आला की मी हेडफोन काढून गोठ्याकडे बघितलं. ठमीचा रवंथ पोटातून कसा ऐकू येतो ते मी सांगत नाही, तू ऐकशीलच. गुऱ्हाळाचा चरक पाण्याखाली चालवल्यासारखा. पण त्याच्यामागे, जरा दबलेला पण शब्द न् शब्द कळणारा, सरुबाईंचा आवाज होता. त्या कोणाला तरी सांगत होत्या की इंद्रजितराव पेपरात होते तोवर बरे होते.

वल्लरी, लक्षात येतंय का? पूर्णपणे शरीराच्या आत गेलेला, बाहेर काही न दिसणारा, काढायची गरज नसलेला मायक्रोफोन, आणि त्यातून बाहेरचं बोलणं स्पष्ट. तुमचं जे काम इतकी वर्षं चाललंय त्याचा एक भाग लोणी भापकरच्या शेळीने एका जिभेच्या फटकाऱ्यात करून दाखवला. (जागा चुकली, हे मान्य.)

ही गोष्ट मी फक्त तुझ्या आईला सांगितली. तिने फक्त सरुबाईंना सांगितली. मंगळवारी सकाळपासून गोठ्याजवळ कोणी तोंड उघडेना. सोपानराव दाव्याला हात घालण्याआधी घसा खाकरतात आणि सभेत बोलल्यासारखे "चल, ठमाबाई" म्हणतात. सूनबाईबद्दल काही बोलायचं असेल तर सरुबाई विहिरीपलीकडे जातात. आम्ही बहीणभावंडं काल भांडलो ते बागेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, आणि चालून चालून इतके दमलो की भांडण अर्ध्यावर राहिलं. आपलं ऐकलं जाणार आहे हे कळल्यावर माणसं किती सभ्य होतात हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पण गोठ्याजवळ एक माणूस बोलत होता, आणि इथे मला विनोद बाजूला ठेवावा लागेल. ऐकू येईनासं झाल्यापासून तुझ्या बाबांना स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहिलेला नाही. ते कुजबुजतात ते लासुर्ण्याला जाणाऱ्या एसटीतल्या माणसालाही कळेल. म्हणून घरात ते फारसं बोलत नाहीत. ठमीशी बोलतात. रोज संध्याकाळी तिला पाला घालताना. कारण उघड आहे, तिला पाटी लागत नाही आणि ती उत्तर देत नाही. सोमवारच्या फाइलमध्ये रवंथाच्या मागे ते आहेत. मी जसंच्या तसं लिहितो, एक शब्द बदललेला नाही.

"ठमे, डॉक्टर म्हणतो आत्ता करा. सुधा रोज पाटीवर तेच लिहिते, आता तर पुसतसुद्धा नाही. त्यांना वाटतं मी डोक्याला ते लोंबकळणारं दिसेल म्हणून लाजतो. वाटू दे. अगं, पोरगी आतलं यंत्र करतेय. कुणासाठी? आणि बापाने दुकानातलं बसवून घ्यायचं? परीक्षा चालू असताना घरच्यांनीच उठून दुसऱ्याला बक्षीस द्यायचं? मी थांबतो. मला काही घाई नाही. खा."

आता मला जे माहीत आहे ते मी लिहितो. दिवाळीत तू माझ्याकडे बारामतीला आली होतीस आणि माझ्या गच्चीवर बसून म्हणाली होतीस की तुझा मायक्रोफोन माणसांपर्यंत पोचायला कदाचित अजून दहा वर्षं लागतील, तोवर बाबांच्या कानाची नस ऐकायचं विसरून जाईल, आणि हे तू त्यांना सांगू शकत नाहीस, कारण "त्यांचा माझ्यावर विश्वास आहे मामा, तो मोडेल." म्हणजे तू त्यांचा विश्वास सांभाळतेस आणि ते तुझं मन सांभाळतात, आणि या सांभाळासांभाळीत चार वर्षं तो माणूस शेळीशी बोलतोय. मी आयुष्यभर दोन बाजू घेऊन बातमी दिली. इतक्या सज्जन दोन बाजू मला कधी मिळाल्या नव्हत्या, आणि इतका वाईट परिणामही.

असो. घाईत लिहिलं, चूकभूल पोटात घाल. (पोटात घालण्याची भाषा सध्या इथे जपून वापरतात.) मामीने तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी दिली आहे. विराजला वाटेत खाऊ नकोस असं बजावलंय, तरी वजन करून घे.

तुझा,
इंद्रजितमामा

ता. क. अकराही चकत्यांवर काकवी आहे. डबा प्रयोगशाळेत उघडशील तेव्हा मुंग्या निघतील. त्या इंदापूरच्या आहेत, चाव्याला तिखट आहेत.

ता. क. २. वर एवढं रामायण लिहिलं ते एका ओळीसाठी. शनिवारी घरी ये आणि बाबांना तू स्वतः सांग की आज मिळतंय ते बसवून घ्या. मी सांगितलं तर ते मेहुण्याचं मत होईल. सुधाताईने सांगितलं तर रोजचं. तू सांगितलंस तरच ते ऐकतील, कारण ते फक्त तुझं ऐकण्यासाठी थांबले आहेत. तुझं यंत्र झालं की नंतर काय बदलता येतं ते तुमचे डॉक्टर बघतील, पण नस थांबायला तयार नाही. मी फाइल ऐकली हे मात्र त्यांना कळू देऊ नकोस. एका माणसाने शेळीला विश्वासात घेऊन सांगितलेलं मी बाहेर फोडलं, हे माझ्या व्यवसायाला शोभणारं नाही.

ता. क. ३. वरचं सगळं रद्द समज. पाकीट बंद करून रेकॉर्डिंगचा डबा आणायला गोठ्यात गेलो तर नारायणराव तिथे होते. त्यांनी मला बघितलं नाही. ते वाकून, ठमीच्या पोटाला हात लावून, तोंड अगदी पोटाजवळ नेऊन बोलत होते, आणि ठमी वैतागून माझ्याकडे बघत होती. ते निघून गेल्यावर मी डबा काढला आणि शेवटची फाइल ऐकली. हीही जशीच्या तशी.

"वल्लरी, बाबा बोलतोय. हे चालू आहे हे मला कालच कळलं. मला ऐकू येत नाही, दिसतं. दोन दिवस झाले घरातली सगळी माणसं या शेळीपुढे तोंड मिटून उभी राहतायत. एवढा मान या घरात मला कधी मिळाला नाही. तर, माझं परवाचं बोलणं मामाने ऐकलंच असेल, आणि तुला लिहिलंही असेल, त्याच्या पोटात काही राहत नाही, शेळीच्या तरी राहतं. मग तुझी हरकत नसेल तर मी ते बाहेरचं बसवून घेतो. मी तुझं आतलं घेणार नाही असं नाही. ते झालं की सांग, मी आहे. पण तोवर मला तुझं काम काय चाललंय ते तुझ्या तोंडून ऐकायचंय, पाटीवर फार थोडं मावतं. हरकत आहे की नाही एवढं शनिवारी येऊन सांग. येताना सरुबाईंसाठी त्या परदेशी चिकटपट्ट्या आण, त्यांना लोणच्याच्या बरण्यांना लावायच्या आहेत."

पत्र हाती पडल्यावर तू उत्तर फोनवर देऊ नयेस, कारण ते ऐकणार नाहीत, आणि शेळीमार्फतही देता येणार नाही, कारण तुझ्या चकतीला कान आहेत, तोंड नाही. पुण्याच्या डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्याची वेळ सुधाताईने, कोणाला न विचारता, आजच घेऊन ठेवली आहे. नारायणरावांनी नवी पाटी पुसून बाजेवर ठेवली आहे. शनिवारी पहिल्या एसटीने तू पोचशील आणि पाटीवर दोन शब्द लिहिशील, अशी येथील सर्वांची अपेक्षा आहे.